रूपालीने दोनदा बांधलेली वाडी

रूपाली उघडेला मी कामावर ठेवलं नाही, ती राहिली. चौकला जुन्या हायवेवर, गॅरेजच्या रांगेत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दहा वर्षांपूर्वी भोकराच्या वाडीची एक काटकुळी ठाकर पोरगी जातीच्या दाखल्याचा फॉर्म भरायला आली. मी भरून दिला. ती म्हणाली, "भाभी, जन्मतारीख चुकली." मी सुधारली. मग म्हणाली, पत्ता अर्धाच आलाय. तोही सुधारला. मग म्हणाली, फोटो तिरका लागलाय.

"चालतं गं तेवढं," मी म्हटलं.

"नाय चालत," ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. मागे सात माणसांची रांग. माझं डोकं फिरलं. "मग तूच बस आणि भर," असं मी ओरडले, आणि ती खरंच खुर्चीत येऊन बसली. स्वतःचा फॉर्म भरला, मागच्या सातही जणांचे भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायला आले तर पायरीवर हजर. तेव्हापासून आहे.

माझं नाव नूरबानो. माझं तोंड खोपोलीपर्यंत ऐकू जातं, असं माझा मुलगा फराज म्हणतो. तो कुवेतला गेला तो त्या तोंडापासून लांब जायला, असंही लोक म्हणतात. रूपाली मात्र त्या तोंडाला एकदाही घाबरली नाही. मी ओरडत असले की ती प्रिंटरमधला कागद सरळ करत राहते. माझं संपलं की आधी जे म्हणत होती तेच पुन्हा म्हणते. वाडीतली बारावी झालेली ती पहिली मुलगी. वडील लहानपणीच गेले. घरात ती आणि आई, चिंधी.

चिंधीचे डोळे काचबिंदूने गेले. एकदम गेले नाहीत, सात-आठ वर्षांत हळूहळू गेले, आणि तेवढ्या वेळात ती बाई सगळी वाडी पायांनी शिकली. विहिरीवर एकटी जायची. शेजारच्या गोदाकडे दिवसातून चार वेळा जायची. परसाकडे जायला तिला कुणाचा हात लागत नव्हता. एकदा मी वाडीत गेले होते, तेव्हा मला वाट दाखवत तीच पुढे चालली होती आणि मी चांगल्या डोळ्यांची बाई मागे ठेचकाळत होते.

मग दोन वर्षांपूर्वी वाडीच्या वरच्या उताराला भेग पडली. त्रेचाळीस घरं खाली आणून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. वाडीत परत जायला बंदी. शेड एका ओळीत, दारं सारखी, मधलं अंतर सारखं. चिंधी दोनदा चुकून दुसऱ्याच्या शेडमध्ये शिरली. दुसऱ्या वेळी एका नव्या सुनेच्या अंथरुणावर जाऊन बसली आणि पोरं हसली. त्यानंतर ती बाई दाराच्या बाहेर पडली नाही. रूपाली सकाळी नऊला कामावर येते, सातला परत जाते. त्या दहा तासांत चिंधी पाणी पीत नसे. पाणी प्यालं की उठावं लागतं, उठलं की कुणाचा तरी हात मागावा लागतो.

हे रूपालीने मला कधी सांगितलं नाही. गोदाने सांगितलं. मी रूपालीला विचारलं तर म्हणाली, "नवी घरं होऊ द्या भाभी. मग आई पुन्हा एकटी फिरंल." एवढंच. पण पोरीच्या डोक्यात तेव्हापासून दुसरं काही नव्हतं.

नवी घरं एक संस्था बांधून देणार होती, खालापूरच्या अलीकडे सपाट जागेवर. संस्थेचे इंजिनिअर हर्षद. बोलायला गोड, शर्ट नेहमी इस्त्रीचा. त्यांनी आराखडा आणला. सात-सात घरांच्या सहा रांगा आणि उरलेलं एक घर कोपऱ्यात, जणू शिक्षा म्हणून उभं केलेलं. कुणाला कुठलं घर, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार.

रूपालीने विचारलं, "साहेब, आमी होतो तशी घरं नाय का बसवता येणार? ज्याच्या शेजारी जो होता तसा?"

"तुमची वाडी कशी होती ते कळायला हवं ना," हर्षद म्हणाले. "अडीच महिन्यांनी, बारा तारखेला सोमवारी, खालापूरला शेवटची बैठक आहे. तोपर्यंत काही दाखवलंत तर बघू. नंतर मला आराखडा बदलता येणार नाही."

बोलून गेले बिचारे. माणसं असं बोलतात आणि समोरचे लोक बरं म्हणून घरी जातात. त्यांची रूपालीशी अजून ओळख व्हायची होती.

आधी तिने कागदावर नकाशा काढला. शेडमध्ये नेऊन दाखवला तर सगळ्यांत वडील माणूस, लडकूमामा, तो उलटासुलटा करून म्हणाला, "ह्यात मी कुठं हाय गं?" कुणालाच आपलं घर सापडेना. वरून बघितलेली वाडी त्यांनी कधी बघितलीच नव्हती. रूपाली नकाशाची घडी करून परत आली आणि फराजच्या कॉम्प्युटरसमोर बसली.

फराज जाताना त्याचा मोठा कॉम्प्युटर दुकानात ठेवून गेला होता. त्यात एक ठोकळ्यांचा गेम होता. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. माती, दगड, लाकूड, पाणी, जे हवं ते उचला, जिथे हवं तिथे लावा, आणि मग त्यात माणसासारखं चालत फिरा. पोरगा त्यात किल्ले बांधायचा आणि मी शिव्या घालायचे. रूपालीने त्यात भोकराची वाडी बांधायला घेतली. रोज जेवणाच्या सुट्टीत, एका हातात भाकरी, एका हातात माउस. दोन महिने. जुने फोटो गोळा केले, आठवून आठवून घरं लावली. मी आधी हसले. मग एक दिवस लडकूमामा प्लास्टिकच्या स्टुलावर बसून स्क्रीनकडे बघत म्हणाला, "थांब थांब, माझ्या पडवीतून चाललीस तू," आणि मी हसायची थांबले.

आता गेरूची गोष्ट. त्यांच्या घरांच्या कुडाच्या भिंतींना खाली हातभर गेरूचा पट्टा असतो आणि त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा. गेममध्ये विटेचा ठोकळा होता, पण तो चकचकीत. रूपालीला पटेना. शोधता शोधता तिला एक ठोकळा सापडला, अगदी गेरूच्या रंगाचा आणि त्यावर पांढऱ्या बारीक रेघा. तो सुरुंगाचा ठोकळा होता. हे तिला माहीत होतं, उगाच तिला अडाणी समजू नका. तिने फराजला फोन करून विचारलं. फराज म्हणाला, "लाव बिनधास्त. स्फोटाने तोडफोड होऊ द्यायची की नाही, याचं एक बटण असतं, ते मी कधीचं बंद करून ठेवलंय." बटण तिने स्वतः बघितलं. बंद होतं. मग त्रेचाळीस घरांना सुरुंगाचा पट्टा सारवून झाला.

आठ तारखेला, गुरुवारी दुपारी वाडी पुरी झाली. रूपालीने गोदाला सांगून आईला टेंपोतून दुकानात आणवलं. चिंधीला दिसणार काय होतं? पण पोरीला आईनेच आधी यायला हवं होतं. चिंधी खुर्चीत ताठ बसली, पदर नीट केला. रूपाली एकेक घर सांगत गेली, हे आपलं, हे गोदामावशीचं, ही विहीर. चिंधी मान डोलवत होती.

"चूल पेटवलीस का?" तिने विचारलं.

"अगं आई, हा खेळ हाय."

"घर केलंस ना? मग पेटव आदी. थंड घरात माणसं बोलवायची का?"

ठाकरांच्या वाडीत नवं घर उभं राहिलं की आधी चूल पेटते. त्याआधी त्या घरात कुणी खाली बसत नाही, वस्तू ठेवत नाही. गोदाही म्हणाली, "पेटव गं, आई सांगतीया तर." रूपाली हसली. मीही म्हटलं, पेटव बाई. मी म्हटलं हे लक्षात ठेवा, कारण नंतर मी बरंच काही बोलले.

रूपालीने चुलीत जाळ ठेवला. क्षणभर छान दिसला. मग जाळाने शेजारची कुडाची भिंत धरली, भिंतीतून तो पट्ट्यात उतरला, पट्टा पांढरा चमकायला लागला. मोठ्या स्पीकरमधून असा धडाका झाला की बाहेर गॅरेजवाल्याच्या हातातला पाना पडला. रूपालीचं घर गेलं. त्याच्या धक्क्याने गोदाचा पट्टा पेटला. मग लडकूमामाचा. एकामागून एक, एकामागून एक, वरच्या आळीपासून विहिरीपर्यंत. रूपाली कळा दाबत होती, काही थांबेना. धूर निवळला तेव्हा उतारावर मोठे खड्डे होते आणि विहिरीचं पाणी त्यांत वाहत होतं. एका झाडाचा अर्धा बुंधा तेवढा हवेत लटकत राहिला होता.

चिंधी उठून उभी राहिली होती. "काय पडलं गं?"

"आपली वाडी," रूपाली म्हणाली.

मी फराजला फोन लावला आणि खोपोली राहू दे, कुवेतपर्यंत ऐकू जाईल असं बोलले. त्याने तिकडे शोधून सांगितलं की ते बटण फक्त गेममधली भुतं जे स्फोट करतात त्यांच्यापुरतं होतं. माणसाने स्वतः लावलेल्या आगीला ते लागू नव्हतं. "मला काय माहीत अम्मी, घरात कोण चूल पेटवतं?" असं म्हणाला. कोण पेटवतं! गेम आपोआप सेव्ह होत होता, त्याने खड्डे इमानदारीने सेव्ह करून ठेवले होते. वाडीची एक प्रत रूपालीने पेनड्राइव्हवर ठेवली होती. तो पेनड्राइव्ह मी मंगळवारी पुसून एका गिऱ्हाइकाला लग्नाचे फोटो भरून दिला होता. हे मी तिला सांगितलं तेव्हा माझा आवाज कसा झाला असेल ते तुम्हीच समजा.

ती उठली. मडक्यातलं पाणी प्याली. मला वाटलं, आता रडेल. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, जवळ घेता आलं असतं.

तेवढ्यात चिंधी म्हणाली, "गेलं ते गेलं. तसंबी गोदाचं दार तू चुकीचं लावलं व्हतंस. सरळ समोर म्हणालीस."

"समोरच तर दिसायचं, आई."

"दिसत आसंल. जाताना समोर नव्हतं. मधी कातळ हाय. दारातनं डाव्या अंगाला नऊ पावलं, कातळ पायाला लागला की वळायचं, मग सोळा."

रूपाली आईकडे वळली. मग तिने एक कोरा कागद ओढला. "आणि विहिरीवर?"

"कातळापर्यंत तेच. मग उतार लागतो. एकसष्ट."

त्या दुपारी माझ्या लक्षात आलं की पोरीने दोन महिने खपून बांधलेली वाडी डोळ्यांनी बांधलेली होती. फोटोत घरं जवळ दिसली म्हणून तिने जवळ लावली होती. वाट जिथे वाकडी होती तिथे तिने नकळत सरळ केली होती. ती वाडी बैठकीत मंजूर झाली असती तरी चिंधी तिच्यात हरवलीच असती. ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं तेच राहून गेलं असतं.

"सोमवारपर्यंत चार दिवस हाईत," रूपाली म्हणाली. "भाभी, उद्यापासून आई हितं बसंल."

"बसू दे."

"आणि फॉर्म तुमी भरायचे."

दहा वर्षांत मी फॉर्म भरला नव्हता. पण कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

शुक्रवारी सकाळी पहिलं काम म्हणजे चिंधीचं पाऊल मोजलं. दुकानासमोर हायवेच्या कडेला तिला वीस पावलं चालायला लावलं, गॅरेजवाल्याने टेप धरला. तीस फूट भरले. म्हणजे एक पाऊल दीड फूट, आणि एक पाऊल म्हणजे एक ठोकळा. चिंधीने विचारलं, "मी नीट चालले ना?" दोन वर्षांत पहिल्यांदा ती कुणाचा हात न धरता चालली होती, आणि तिला काळजी मापाची.

मग ती खुर्चीत बसून डोळे मिटून चालायला लागली. खरंच, मिटून. उघडे असले काय नि मिटलेले काय, तिला फरक नव्हता, पण आठवायचं म्हटलं की ती मिटायची. पाय जमिनीवर हलके हलके हलायचे. "अकरा. हितं लडकूच्या पडवीचा वास येतो, शेळ्यांचा. मग उजव्या अंगाला सात." रूपाली ठोकळे लावत जायची. जिथे चिंधीला आठवायचं नाही तिथे त्या घरचं माणूस बोलावलं जायचं. शनिवारपर्यंत अर्धी वाडी माझ्या दुकानात येऊन गेली. लडकूमामाशी चिंधीचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला, माझ्या पायरीपासून उंबरापर्यंत वीस पावलं. चिंधी म्हणाली, अठरा. तो म्हणाला, मला डोळे हाईत. ती म्हणाली, म्हणून तर तू मोजली नायस.

अठरा ठेवली.

मी एका गिऱ्हाइकाच्या रेशनकार्डात त्याच्या बायकोचं वय एकशे चौतीस लिहिलं. जुम्म्याला नमाजच्या वेळी दुकान बंद ठेवते, त्या दिवशी चावी रूपालीकडे देऊन घरी गेले. परत आले तर मायलेकी तशाच, डबा न उघडलेला. मी ओरडून जेवायला लावलं. माझ्या ओरडण्याचा तेवढाच उपयोग झाला त्या चार दिवसांत. या वेळी गेरू नाही, चूल नाही, साधी माती. रूपाली म्हणाली, गेरू खऱ्या घराला लावू. रविवारी दुपारी चारला त्रेचाळिसावं घर उभं राहिलं. तिने तीन पेनड्राइव्हवर प्रती केल्या आणि तिन्ही स्वतःच्या पर्समध्ये टाकल्या. माझ्याकडे बघून पर्सची चेन लावली. लावू दे, मी काय बोलणार.

सोमवारी खालापूरला मी पण गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. टेबलाभोवती सहा जण, भिंतीवर पडदा. रूपाली पडद्यावर वाडीतून चालत होती आणि सांगत होती. हर्षद आधी खुर्चीत रेलून बघत होते. मग पुढे सरकले.

"ही अंतरं कुठून घेतलीत?"

"आईच्या पावलांनी."

त्यांना वाटलं, ती काहीतरी भावनेचं बोलते आहे. रूपालीने टेपचं माप सांगितलं. हर्षदांकडे भेग पडली तेव्हाच्या मोजणीचा कागद होता. त्यांनी तो काढला, पट्टी लावली. चिंधीच्या दारापासून विहीर. मग विहिरीपासून लडकूमामाची पायरी. तिसऱ्या मापाला पट्टी खाली ठेवली. "एका पावलाचाही फरक नाही," ते स्वतःशीच म्हणाले.

मग अडचणी निघाल्या. जागा सपाट, उतार नाही. गाडी आत यायला रस्ता हवा. गटारं हवीत. रूपालीने रस्ता वाडीच्या बाहेरून आधीच घेतला होता. उताराचं ती म्हणाली, "सपाटीवर आई शिकंल. वळणं आणि पावलं तेवढी ठेवा. कातळाच्या जागी एक कातळ आणून टाका." कुणीतरी हसलं. ती हसली नाही.

"जमेल बहुतेक," हर्षद म्हणाले.

"बहुतेक काढा साहेब त्यातलं."

हर्षदांनी पेन खाली ठेवलं, परत उचललं. मला त्यांची दया आली. मी त्या जागी दहा वर्षं आहे. "जमेल," ते म्हणाले, आणि तसं लिहूनही दिलं.

तीन आठवड्यांनी नव्या जागेवर चुन्याची फक्की पडली. नुसत्या पांढऱ्या रेघा, भिंत नाही, दार नाही. सगळी वाडी आली होती आणि प्रत्येक जण आपापल्या चौकोनात जाऊन उभा होता, जणू घरी पाहुणे येणार आहेत. रूपालीने आईला त्यांच्या दाराच्या रेघेवर उभं केलं आणि हात सोडला.

चिंधी डावीकडे वळली. नऊ पावलं. तिथे खरंच एक धोंडा आणून टाकला होता, पाय लागला, ती थांबली, वळली. मी मोजत होते. बाजूची माणसंही ओठांत मोजत होती. तेराव्या पावलाला तिच्यासमोर चुन्याची रेघ आली. तिला ती दिसत नव्हती. गोदा रेघेच्या आत उभी होती आणि तिला राहवेना, ती म्हणाली, "आलीस गं, पोचलीस!"

चिंधी थांबली. "गोदा, तू हितं कशी? तुझं दार अजून तीन पावलं हाय."

हर्षद पुढे आले. "मावशी, तिथून गटार न्यावं लागतंय. म्हणून घर जरा अलीकडे घेतलं. साडेचार फुटांचा तर प्रश्न आहे."

"शिकंन मी तेरा," चिंधी म्हणाली. "ऱ्हाऊ दे. एवढं केलं त्यांनी."

रूपालीने मजुराच्या हातातलं फक्कीचं घमेलं घेतलं. ती रेघेपाशी गेली आणि चपलेने रेघ पुसायला लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग आईच्या पावलाएवढी पावलं टाकत तीन मोजली आणि नवी रेघ ओढली. रेघ सरळ आली. "गटार वळवा साहेब," ती म्हणाली. "पाणी कुठूनबी जाईल. आईनं एवढं पाठ केलंय, ते मी तिला विसरायला लावणार नाय."

हर्षद खाली बसले. मग कागद गुडघ्यावर धरून त्यांनी गटाराची रेघ खोडली आणि वळवून काढली. कागद तिला दाखवला. तिने तो नीट बघितला, मगच मान हलवली.

चिंधी पुढची तीन पावलं चालली, गोदाशी काहीतरी बोलली, आणि परत निघाली. सोळा, वळण, नऊ. कुणीही तिच्या सोबत नव्हतं. माझे डोळे वाहायला लागले आणि मला समोरचं काही दिसेना. पदर शोधत मी होते तिथेच उभी राहिले.

"भाभी, सरका," रूपाली मागून म्हणाली. "आई येतेय, तिच्या वाटेत उभ्या हाय तुमी."

मी सरकले.